डावरीचं चाक

गोधडी संग्रहालयाला द्यायची हे ठरवायला त्या घराला फार वेळ लागला नाही. वाद झाला तो तिच्याखाली नाव कुणाचं लिहायचं यावरून, आणि त्याला तोंड फोडलं धाकट्या सुनेनं. तिच्याकडून हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. तिला स्वतःला तर सगळ्यांत कमी.

संग्रहालयाच्या बाई दोनदा येऊन गोधडी बघून गेल्या होत्या. घरात हातानं केलेल्या वस्तूंचं एक दालन ते उघडणार होते, आणि माईंची गोधडी त्यात दारासमोरच्या भिंतीवर, काचेमागे लागणार होती. सोमवारी सकाळी त्यांची गाडी येणार म्हणून रविवारी दुपारी सगळे माईंकडे जमले. थोरला आला. तो जमिनीची मोजणी करायचा, त्यामुळे बोलतानाही आधी चारी बाजूंनी अंतर घ्यायचा आणि मग तोंड उघडायचा. त्याची बायको पोस्टाच्या खिडकीवर बसायची, तीही आली. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. आणि माईंची लेक आली, तिघा भावंडांत सगळ्यांत मोठी. तिला माघारी सगळे मास्तरीण म्हणत आणि तोंडावर ताई. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी घरात शिरताना ती एकदा सगळ्यांवरून नजर फिरवून हजेरी घ्यायचीच.

धाकटी मात्र तासभर आधी आली होती. गोधडीचा एक कोपरा उसवला होता आणि तो तिला नीट करून द्यायचा होता. असल्या कामाला घरात तीच. रुग्णालयाच्या कापडखान्यात ती अठरा वर्षं काम करत होती. फाटलेल्या चादरी, बंद तुटलेले अंगरखे, कड्यांतून निसटलेले पडदे रोज गाडाभर तिच्यापुढे येऊन पडायचे. तिथली मुकादम बाई कौतुकाला फार कंजूष, पण तीही म्हणायची की हिनं लावलेलं ठिगळ रोग्याच्या पाठीला कळत नाही.

तिनं गोधडी जेवणाच्या मेजावर उलटी पसरली. माई खुर्चीत बसून बघत होत्या. माईंना एक्याऐंशी वर्षं झाली होती. बोटं सांध्यांतून वाकडी झालेली, सुई धरायचं नाव नको, पण नजर होती तशीच. कोपरा नेमका कुठून उसवला हे त्यांनी खुर्चीतूनच सांगितलं.

गोधडी मोठी होती. बारा ओळी, एकेका ओळीत नऊ चौकोन, आणि त्या चौकोनांत या घरानं वापरून विरवलेला एकूण एक कपडा. सासऱ्यांचे कामावरचे सदरे, मास्तरणीचा शाळेचा निळा फ्रॉक, थोरल्याच्या गुडघ्यांवर गेलेल्या विजारी, आधीच्या घरातले पडदे. अगदी मधोमध एक चाक होतं. बत्तीस अरुंद पाकळ्यांचं, गडद रंगाकडून फिक्या रंगाकडे सरकत जाणारं. बत्तीसही टोकं एका बिंदूत येऊन मिळायची, आणि तिथं कापड तसूभरही फुगलेलं नव्हतं. ज्यांनी कधी सुई हातात धरली आहे त्यांना यातली मेख कळेल. संग्रहालयाच्या बाई त्या चाकापुढे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या होत्या.

ते चाक माईंनी केलेलं नव्हतं.

धाकटीला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि उलट्या बाजूनं तर ते उघडच दिसत होतं. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे शिवत येते. तिच्या तिरप्या टाक्याचा कल ठरलेला असतो, सुरुवातीची गाठ उजव्या टोकाला बसते. चाकातला प्रत्येक टाका विरुद्ध बाजूला कललेला होता आणि गाठी डाव्या टोकाला होत्या. चाकाबाहेरही मोजायला बसलं तर निम्म्याच्या वर चौकोन तसेच निघाले असते. ते सगळं डावरीचं काम.

डावरी म्हणजे माईंची मैत्रीण. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. डाव्या हातानं शिवते म्हणून माईंनीच तिला हे नाव पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की तिचा नवराही तिला त्याच नावानं हाक मारायला लागला. मुलं तिला मावशी म्हणत. दर बुधवारी दुपारी स्वयंपाकघर आवरलं की माईंच्या पुढच्या खोलीत सहा-सात बायका जमायच्या. प्रत्येकीकडे आपापलं काहीतरी असे. कुणी नातवंडाचं दुपटं आणायची, कुणी मेजपोशाचा काठ, आणि माई नि डावरी मधे गोधडी पसरून दोन टोकांना बसायच्या.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा गोधडीचं आठवं वर्ष चालू होतं. बटण लावण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं आणि सासूच्या मैत्रिणींत बसायचं म्हटलं की ती दारातच घोटाळायची. पहिल्याच बुधवारी तिनं सुई ढकलायचं अंगुस्तान मधल्या बोटाऐवजी अंगठ्यात घातलं आणि सगळ्या हसल्या. डावरीही हसली. मग स्टूल ओढून तिच्यासमोर येऊन बसली. म्हणाली, माझ्या शेजारी बसून तुला काही कळायचं नाही, तू समोर बस आणि आरशात बघावं तसं माझं बघ. आणि ते खरंच सोपं निघालं. समोरचा डावा हात जे करी ते आपल्या उजव्या हातानं करायचं. तीन वर्षं धाकटी अशी तिच्यासमोर बसली. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, तो गुंततो. दातानं तोडू नये, टोक पिंजतं. चुकलेला टाका त्याच दिवशी उसवावा, उद्यावर टाकला की तो डोळ्यांना बरोबर वाटायला लागतो. आणि सुईबरोबर बाकीचंही ती तिथंच शिकली. सासू रागावली तर दोन दिवस जाऊ द्यायचे, हेही.

त्या खोलीत हात कामात असायचे म्हणून जिभा मोकळ्या असायच्या. डोळ्यांत बघून जे बोलता आलं नसतं ते कापडाकडे बघत सहज बोललं जाई. एकीनं एका बुधवारी सांगितलं की आपला नवरा घर सोडून गेला. कुणी मान वर केली नाही. फक्त शेजारी बसलेल्या बाईनं तिची सुई घेतली, दोरा ओवला आणि परत तिच्या हातात दिली. धाकटीला त्या वेळी वाटलं होतं, आपण या घरात आलो ते बरं झालं.

गोधडी पुरी व्हायला अकरा वर्षं लागली. ती जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. नेमका त्याच आठवड्यात डावरीचा नवरा शेवटच्या दुखण्यात रुग्णालयात होता, म्हणून माई एकट्या मंचावर गेल्या. वार्ताहरानं विचारलं, ही कुणी शिवली? माई म्हणाल्या, मी. एवढा एकच शब्द. दुसऱ्या दिवशी तो फोटोसकट छापून आला, आणि डावरीनं तो नवऱ्याच्या खाटेशी बसून वाचला. नवरा त्याच आठवड्यात गेला. त्यानंतरच्या बुधवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. माई तिची वाट बघत राहिल्या आणि ती माईंची. वर्षभरात बाकीच्या बायकाही पांगल्या.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. वर्तमानपत्रातला तो फोटो चौकट करून पुढच्या खोलीत लावलेला होता, आणि डावरी हे नाव त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नव्हतं. धाकटीनंही नाही. सुनेनं कुठं जावं नि कुठं जाऊ नये हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच ते ओळखून घेतलं होतं. एकदा डावरी रस्त्यात समोरून येताना दिसली तेव्हा ती गडबडीनं एका भाजीच्या दुकानात शिरली होती. ते तिला अजून डाचायचं.

चहा झाला तसा मास्तरणीनं पर्समधून संग्रहालयाचा कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. वस्तू, माप, साल, कर्त्याचं नाव. नावापुढे तिनं वळणदार अक्षरात माईंचं नाव घरूनच लिहून आणलं होतं. माईंनी खाली सही तेवढी करायची.

धाकटी सुईत दोरा ओवत होती.

"ताई, ही दोघींनी शिवली आहे," ती म्हणाली.

आपण हे मोठ्यानं बोललो हे तिला खोलीतले आवाज थांबल्यावर कळलं.

मास्तरणीनं चष्मा नाकावर खाली ओढला आणि कोणत्या दोघींनी, असं विचारलं. धाकटीनं माईंचं आणि मावशींचं नाव घेतलं. चाक तर सगळं मावशींचंच आहे, असंही सांगितलं, आणि पुरावा मागितला तर दाखवता यावा म्हणून कापडावर बोट ठेवलं.

पुरावा कुणी मागितला नाही. मास्तरीण म्हणाली की एकोणीस वर्षं झाकलेलं मडकं आजच का उघडायचं. थोरल्यानं सगळीकडून अंतर घेतलं आणि मधला मार्ग काढला. नाव कुणाचंच नको, 'कुटुंबाकडून' असं लिहू, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. थोरली म्हणाली, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव एकच असतं, दोन लिहिली की पत्र फिरत राहतं. तिचं बुधवारच्या बैठकीशी कधी देणंघेणं नव्हतं, त्या वेळी ती पोस्टात असायची, त्यामुळे सरळ मोठ्या नणंदेच्या बाजूनं राहणं तिला सोयीचं होतं. धाकट्यानं नेहमीप्रमाणे जमिनीकडे बघितलं. म्हणजे मधल्या मार्गासकट एका बाजूला तिघं, एकजण कुंपणावर आणि धाकटी एकटी.

हे गणित मास्तरणीनंच बिघडवलं. बोलण्याच्या भरात ती म्हणून गेली की बाहेरून आलेल्यांना या घरातल्या गोष्टी काय कळणार.

थोरलीनं हातातली बशी खाली ठेवली. त्या घरात येऊन तिला एकतीस वर्षं झाली होती. ती अगदी शांतपणे म्हणाली की बाहेरून आलेल्यांनीच सासऱ्यांचं दुखणं काढलं होतं, आणि गोधडीचं विचाराल तर माझीही खात्री आहे, त्या बाईचा हात त्यात होताच. थोरल्यानं बायकोकडे बघितलं आणि आपला मधला मार्ग मुकाट्यानं मागे घेतला.

मग धाकटा बोलला. तो कमी बोलायचा, म्हणून तो बोलला की सगळे ऐकायचे. "त्या चाकाचा कोन मीच काढून दिला होता मावशीला. तेव्हा मी तंत्रशाळेत होतो. तीनशे साठ भागिले बत्तीस. सव्वा अकरा अंश. मी पुठ्ठा कापून दिला तर तिनं तो कापडावर ठेवून बघितला आणि म्हणाली, तुझं गणित बरोबर आहे, पण कापडाला गणित येत नाही, थोडी सूट ठेव."

 मास्तरणीनं हातातला कागद गोधडीवर ठेवला. ती बोलली तेव्हा तिचा आवाज वर्गातला नव्हता.

"आईला जन्मभर कुणी नावानं ओळखलं नाही. आमची आई, बाबांची बायको, तुमची सासू. शेजारीपाजारीसुद्धा माई म्हणतात. त्या एका दिवशी तिला मंचावर नाव घेऊन बोलावलं. पूर्ण नाव. मी खाली तिसऱ्या रांगेत बसले होते. तेवढं एकच आहे तिच्याकडे, आणि तेही तुम्हाला अर्धं करायचंय."

 धाकटीनं ओवलेली सुई कापडात टोचून ठेवली. इतकी वर्षं ती या नणंदेला नुसती हेकट समजत आली होती.

सगळ्यांनी मग माईंकडे बघितलं. 

"कोपरा झाला का गं?" त्यांनी धाकटीला विचारलं.

झाला नव्हता.

"मग राहू दे. घडी घाल. मला डावरीकडे जायचंय."

मास्तरणीनं आत्ताच कशाला, असं म्हणून बघितलं. माई म्हणाल्या, उद्या गाडी येणार म्हणून आत्ताच. मास्तरीण कागद घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली, आली नाही.

डावरी दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. धाकटा म्हणाला, आयुष्यभर अनोळखी लोकांना वरखाली केलं आणि माझ्याच आईला बिनलिफ्टच्या घरी जायचंय. खुर्चीत बसवून उचलून नेतो, असंही त्यानं सुचवलं. माईंनी ते ऐकून घेतलं नाही. तू खालीच थांब, म्हणाल्या. अडतीस पायऱ्या होत्या. प्रत्येक सहा पायऱ्यांनंतर माई कठड्याला टेकायच्या आणि श्वास जागेवर आला की पुढचं पाऊल टाकायच्या. धाकटी खांद्यावर गोधडी घेऊन मागून चढत होती. तिला वाटत होतं, अर्ध्यातून परत फिरू म्हणतील. पण तसं झालं नाही.

दार डावरीनंच उघडलं. ती खूप बारीक झाली होती. एका डोळ्यानं तिला दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं दिसायचं ते धुक्यातल्यासारखं, हे धाकटीला कापडखान्यात कुणाकडून तरी कळलं होतं. तिनं मान तिरपी करून दोघींकडे बघितलं.

"डावरे," माई म्हणाल्या.

डावरीनं दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, दम लागलाय तुला, आत ये आणि बस आधी. धाकटीकडे वळून तिनं विचारलं, "ही धाकटी ना? त्या दिवशी भाजीच्या दुकानात शिरलीस, काय घेतलंस?"

"काही नाही, मावशी."

"तेच म्हटलं मी," डावरी म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

खोली लहान होती. खाट, दोन खुर्च्या, एक कपाट आणि भिंतीवर नवऱ्याचा फोटो. शिवणाचं काही कुठं दिसत नव्हतं. माईंनी पाणी प्यायलं आणि पेला दोन्ही हातांत धरून ठेवला.

"त्यांनी विचारलं कुणी शिवली, आणि मी म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघींनी म्हणायला हवं होतं. तोंडून एक शब्द गेला आणि मग तो मागे घ्यायची लाज वाटली. जितके दिवस गेले तितकी जास्त."

डावरी खाटेवर बसली होती. तिनं गुडघ्यावरची घडी हातानं सारखी केली.

"नाव राहिलं त्याचं मला तीन दिवस वाईट वाटलं," ती म्हणाली. "माझा माणूस गेला आणि तू आली नाहीस. त्याचं एकोणीस वर्षं."

"मी कुठल्या तोंडानं येणार होते?"

"होतं त्याच तोंडानं."

 धाकटीला उठून जावंसं वाटत होतं आणि गोधडी मांडीवर असल्यानं जाताही येत नव्हतं. माई रडल्या नाहीत. त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्यांनी पेला खाली ठेवला तेव्हा तो दोनदा कपाटाच्या कडेला लागला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. तुझ्या नवऱ्याला नेलं त्या दिवशी मी या इमारतीच्या दारापर्यंत आले होते. खाली तुझी बहीण उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी परत फिरले. डावरी म्हणाली, माझ्या बहिणीला लांबचं दिसत नाही, तिनं तुला ओळखलंही नसेल. यावर माईंनी तिच्याकडे बघितलं, आणि मग दोघीही हसल्या. आनंदाचं हसू नव्हतं ते. एखादा मोठा हिशेबच चुकीच्या आकड्यावर उभा होता हे कळल्यावर माणूस हसतं, तसं होतं.

डावरीनं हात पुढे केला. "दे ती इकडे."

धाकटीनं गोधडी खाटेवर पसरली. डावरीची बोटं कापडावरून फिरायला लागली आणि तिला धड दिसत नाही हे धाकटी विसरून गेली. हा सदरा, तुझ्या नवऱ्याचा, कॉलर उलटी करून घेतली होती. हा पडदा, यातला दोरा कच्चा निघाला. इथं तू टाके मोठे घातलेस, त्या दिवशी थोरल्याला ताप होता आणि तुझं लक्ष नव्हतं. माई म्हणाल्या, ताप धाकट्याला होता. यावर थोडी वादावादी झाली. मग बोटं चाकावर आली, पाकळ्या मोजत मधल्या बिंदूशी पोचली, आणि तिथं थांबली.

माईंनी तिला संग्रहालयाचं सांगितलं. भिंत, काच, पाटी, सगळं. पाटीवर दोघींची नावं लिहायची, त्यासाठी मी आले, असंही सांगितलं.

डावरीनं ते ऐकून घेतलं. पाटीचं तुम्ही ठरवा, म्हणाली. "मी अकरा वर्षं ही शिवली. पांघरली एक दिवस नाही. ती तुमच्या घरच्यांच्या कपड्यांची, म्हणून तुमच्या घरी राहिली, ते बरोबरच होतं. पण आता थंडी तोंडावर आलीय आणि मला थंडी सोसत नाही. एवढी थंडी ही माझ्याकडे राहू दे. मग खुशाल काचेत ठेवा."

धाकटीच्या डोळ्यांपुढे उद्याची गाडी आली, संग्रहालयाच्या बाई आल्या आणि सगळ्यांत आधी मास्तरीण आली. माईंनी कुणाचाच विचार केला नाही.

"पांघर," त्या म्हणाल्या.

तेवढं ठरल्यावर कोपरा उसवलेला ठेवणं बरं नव्हतं. धाकटीनं पिशवीतून सुई-दोरा काढला आणि खाटेच्या कडेला बसून कामाला लागली. दोन म्हाताऱ्या दोन बाजूंनी वाकल्या. एकीला दिसत होतं, एकीनं मागून बोट फिरवून बघितलं, आणि टाके लांब पडताहेत यावर दोघींचं चटकन एकमत झालं. रुग्णालयाच्या चादरी शिवून हात बिघडला, डावरी म्हणाली. मी तेव्हाच म्हटलं होतं, तिथं नको जाऊस, माई म्हणाल्या. त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. धाकटीनं चार टाके उसवले आणि पुन्हा घातले. अठरा वर्षांत तिचं काम कुणी परत करायला लावलं नव्हतं. तिला त्याचं इतकं बरं वाटलं की पुढचे दोन टाके तिनं मुद्दाम जरा वाकडे घातले, बघू कोण आधी पकडतं म्हणून. डावरीनं पकडले.

दार ढकलून मास्तरीण आत आली तेव्हा हे चाललं होतं. जिने चढून तिचा चेहरा लाल झाला होता. माईंनी तिला एका दमात सांगून टाकलं की गोधडी उद्या जाणार नाही, थंडी संपेपर्यंत इथं राहील. मास्तरणीनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं सुईकडे बघितलं.

"निळा फ्रॉक कुठल्या ओळीत आहे गं?" डावरीनं विचारलं. "मला सापडत नाहीये."

मास्तरीण खाटेशी आली. मग खाली वाकली, डावरीचं बोट धरलं आणि चौथ्या ओळीतल्या तिसऱ्या चौकोनावर नेऊन ठेवलं. डावरीनं तो चाचपला. हा मी तीनदा वाढवला होता, म्हणाली. तू ताडामाडासारखी उंच होत होतीस, आणि तुझ्या आईला दरवेळी रडू यायचं की मुलगी आखूड कपड्यांत शाळेत जाते. मास्तरणीला हे माहीत नव्हतं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली, आणि थोड्या वेळानं कागद काढून गुडघ्यावर ठेवला.

"मावशी, नाव तुमचंही घालते," ती म्हणाली. "पण आईचं आधी राहू दे."

"राहू दे. मंचावर तीच चढली होती," डावरी म्हणाली. बोलण्यात टोक होतं, पण फार नव्हतं.

मास्तरणीनं माईंच्या नावाखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरं नाव लिहिलं. संपूर्ण नाव काय, हे तिला विचारावं लागलं. ते त्या खोलीत डावरीशिवाय कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, माईंनाही नाही. मग तिनं कागदाची घडी घातली आणि आपल्या जुन्या आवाजात सांगितलं की संग्रहालयाच्या बाईंशी मी बोलते, गाडी परत पाठवते, आणि त्यांना राग आला तर येऊ दे. या कामाला तिच्यासारखं माणूस शोधून सापडलं नसतं.

डावरी दमली होती. ती आडवी झाली तशी धाकटीनं आणि मास्तरणीनं गोधडीची दोन-दोन टोकं धरून तिच्यावर पसरली, चाक छातीवर येईल अशी. जड आहे, डावरी म्हणाली. आत कापूस जास्त घातला होता आपण, तुला सांगत होते मी. मग तिला नवऱ्याचं काहीतरी आठवलं, तोही म्हणायचा की तुम्ही दोघी मिळून, असं तिनं सुरू केलं, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा डोळा लागला. तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

मास्तरीण दबक्या आवाजात म्हणाली की आता निघू या, आईला अंधाराच्या आत उतरवायला हवं. माईंनी मान हलवली, पण जागच्या उठल्या नाहीत. त्यांनी वाकड्या बोटांनी गोधडीची कड ओढून डावरीच्या खांद्याखाली सारली. ते एका झटक्यात जमलं नाही, दोनतीनदा करावं लागलं. कुणी मदतीला पुढे गेलं नाही.

धाकटी सज्ज्यात आली. खाली धाकटा रस्त्यावर उभा राहून वर बघत होता. कधी येताय, असं त्यानं हातानं विचारलं. तिनं वळून आत पाहिलं. माईंनी चपला काढल्या होत्या आणि पाय खाटेच्या कडेवर घेतले होते.

तिनं त्याला घरी जा अशी खूण केली.